वहिनीची खोली

ज्या घराची आखणी आधी होते, त्या घरात पश्चात्तापाला जागा उरत नाही. हे वाक्य बापूने उन्हाळ्यात सगळ्या घरासमोर, हात पाठीशी बांधून, सावकाश उच्चारले होते. त्या वेळी दिवाणखान्याची फरशी उखडून झाली होती आणि बापू एका आडव्या फळीवर उभा होता. वाक्य संपता संपता फळी कलली आणि थोरल्या भावाने, दादाने, त्याला दंडाला धरून वाचवले. तोडफोड आधी आणि आखणी मग, हा क्रम कुणाच्या लक्षात आला असला तरी त्या दिवशी कुणी तो बोलून दाखवला नाही.

बापू विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचा. जे काही जळाले, बुडाले, कोसळले असेल तिथे जाऊन, हे कसे टाळता आले असते ते सांगण्याचा त्याला पगार मिळे. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी काहीतरी घडण्याच्या आधी आपण तिथे हजर असावे, अशी त्याची फार इच्छा होती. लग्नाच्या बाबतीत त्याने इतक्या आधीपासून विचार केला की ते राहूनच गेले. घराच्या दुरुस्तीत मात्र त्याने कसर ठेवली नाही. फरशी बंद होण्याआधी गरम पाण्याचे पाइप, गिलावा होण्याआधी वायरी, कुठला दिवा कुणाच्या पावलाने लागेल, कुठला पडदा किती उन्हाला सरकेल, सगळे मोबाइलवरून. "एकदा गिलावा झाला," तो म्हणे, "की भिंतीशी बोलून उपयोग नसतो."

त्या बैठकीत प्रत्येकाने आपापली हौस सांगितली. दादाला खुर्चीतून न उठता बाहेरचे फाटक उघडायचे होते. नव्या वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, ओट्यावर भरपूर प्लग हवे होते. अक्का लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, तरी या घराबद्दल तिचीही मते होती, आणि ती सर्वांत लांबलचक होती. शेवटी वहिनीला विचारले.

"सकाळी पाय खाली टाकला की फरशी गार लागू नये," वहिनी म्हणाली. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

वहिनी ही या तिघांची आई.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागे, आणि म्हणून घरात कुणी ते सांगायच्या भानगडीत पडत नसे. ती लग्न होऊन आली तेव्हा घर दीर-नणंदांनी भरलेले होते. वहिनी, टॉवेल कुठाय. वहिनी, बटण तुटलंय. दिवसभर तोच गजर. मुले बोलायला लागली ती तोच शब्द शिकून. आई हा शब्द आधीच आजीकडे होता. सगळे घर आजीला आई म्हणायचे, तर मुलांनी वेगळे काय म्हणायचे? सगळ्यांना गंमत वाटली. मोठी झाली की म्हणतील आई, असे ठरले. मुले मोठी झाली, दीर-नणंदा पांगल्या, आजी गेली, तिघांचे केस पिकले. शब्द होते तिथेच राहिले. आजीची खोली अजून 'आईची खोली'च होती. दादाचे लग्न झाले आणि घरात खरोखरीची वहिनी आली, तर ती जागा भरलेली. म्हणून ती नवी वहिनी. तिचा मुलगा नोकरीला लागून दूर गेला, तरी ती नवीच.

शाळेत 'माझी आई' निबंध आला तेव्हा बापूने आजीवर लिहिला होता. चांगला उतरला. घरी मोठ्याने वाचून दाखवला गेला, आजीने डोळे पुसले. वहिनीने स्वयंपाकघराच्या दारातून पूर्ण ऐकला आणि अक्षर सुधारलंय म्हणाली.

एवढ्या मोठ्या घरात वहिनीला आई म्हणणारी एकच व्यक्ती होती. नवी वहिनी. ती सासूला 'आई' म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि खोलीचा उल्लेख आला की 'आईंची खोली' म्हणायची, अनुस्वारासकट.

थंडी पडायला लागल्यावर, नव्या फरशीवर अजून कागद पसरलेले असताना, बापूने सगळ्यांना बोलावले. सकाळीच बॉयलर चालू केला होता. हीटिंगचा इंजिनिअर, गळ्यात मफलर, हातात पाण्याचा दाब मोजायचे काटे, दुपारपासून हजर होता. अक्का वहिनीला गाडीतून घेऊन आली. काम चालले होते तोवर वहिनी अक्काकडेच होती. तिथे तिला उबदार होते, पण ती रोज विचारायची, घर कधी होणार. त्यामुळे आजच्या दिवसाला अर्थ होता. आज वहिनी पाय टेकवून बघणार, आणि बरे वाटले तर परत आपल्या घरी राहायला येणार. तिची पिशवी अक्काच्या गाडीत भरून ठेवलेली होती. वहिनीने ती स्वतः भरली होती.

"चल, वहिनी," बापू म्हणाला. "चपला काढ."

तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली. गुडघ्यांमुळे जिना बंद झाल्यापासून वहिनी तिथे असे. दारात तिचे पाऊल पडताच पलंगाखालचा दिवा आपोआप लागला. पडदा स्वतःहून थोडा सरकला. उशाशी मदतीचे बटण, बटणाच्या शेजारी दुसरे बटण, पहिले सापडले नाही तर. वहिनीने पलंगाला धरून एक पाय फरशीवर टेकवला, मग दुसरा. नव्या दिव्याच्या उजेडात तिचे पाय अगदी स्वच्छ दिसत होते.

"दिवा छान आहे," ती म्हणाली.

"आणि फरशी?"

"फरशीसुद्धा छान आहे. रंग मळखाऊ आहे."

"अगं, गरम लागतेय का?"

वहिनीने विचार केला. बापूचे मन मोडायची तिला सवय नव्हती. "लागेल," ती म्हणाली.

"वेळ लागतो," बापूने सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. "फरशी म्हणजे काही तवा नव्हे. ती सावकाश तापते, मग सावकाश निवते. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

मग सगळे वैशिष्ट्याची वाट बघत बसले. नव्या वहिनीने चहा केला. अक्का मोजे काढून खोलीत इकडून तिकडे फिरली आणि म्हणाली, "बापू, माझे पाय बधीर झालेत, तर हे तुझं सावकाश कुठल्या बाजूने येणारे?" दादा म्हणाला, मशिनला घाई करून चालत नाही. दादाला मशिनमधले काही कळत नसे, पण धाकट्या भावाची बाजू घ्यायची वेळ कोणती हे त्याला कळे. आपल्याला मात्र फाटक उघडते का ते बघायचे आहे, असे म्हणत तो दिवाणखान्यातल्या खुर्चीत जाऊन बसला.

तेवढ्यात नवी वहिनी वरून शाल घेऊन खाली आली. चेहऱ्यावर समाधान होते.

"बापूभावजी, वर काय सुरेख झालंय हो! माझ्या खोलीत पाऊल टाकलं आणि अक्षरशः दोन मिनिटं तिथून हलले नाही. शाल आणायला गेले होते हेच विसरले."

अक्का फिरायची थांबली.

"वर?" बापू म्हणाला. "वर फरशीखाली काही नाहीये. वर भिंतीवरचे हीटर."

"नाही हो. पायांना लागतंय ना!"

बापूने इंजिनिअरकडे बघितले. इंजिनिअरने काट्यांकडे बघितले. काट्यांमध्ये दोष नव्हता.

"दिवाणखान्याखाली पाइप आहेत," इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "आणि वहिनींच्या खोलीत. बॉयलरवर एवढंच झेपणार होतं. तुम्ही म्हणालात, बाकी काही राहिलं तरी चालेल, वहिनींच्या खोलीत पाइप पाहिजेतच."

"हो मग! हीच ना वहिनीची खोली!"

"ही?" इंजिनिअर पलंगावर बसलेल्या वहिनीकडे वळला, मग नव्या वहिनीकडे. "ह्या वहिनी ना तुमच्या? मोठ्या भावाची मिसेस. मी ह्यांना येऊन विचारलंसुद्धा, वहिनी, तुमची खोली कुठली. त्यांनी वर नेऊन दाखवली."

"विचारलं होतं," नवी वहिनी क्षीण आवाजात म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांच्याच खोल्या बघताहेत."

"ह्या नवी वहिनी," अक्का म्हणाली. "वहिनी ही."

"अच्छा. ह्यांना किती दिवस झाले लग्न होऊन?"

"मुलगा नोकरीला आहे त्यांचा."

"मग नवी का म्हणता?" इंजिनिअरने विचारले, आणि लगेच दुसरीकडून सुरुवात केली. "बरं, ह्या तुमच्या कोणाच्या वहिनी?"

"कोणाच्या नाही. ही आमची आई."

"मग आई म्हणायचं ना! आईच्या खोलीत म्हणाला असतात तर..."

"आईची खोली ती पलीकडची," दादा दिवाणखान्यातून म्हणाला. "बॉयलर ठेवलाय ती."

"तिथे तुमची आई राहते?"

"आजी राहायची."

इंजिनिअरने मफलर सोडला आणि पुन्हा बांधला. "आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. त्याने या खोलीचा नकाशा काढला होता तो 'पाहुण्यांची खोली' म्हणून. अधूनमधून वापर, भिंतीला एक छोटा हीटर, वरची हवा तेवढी तापवणारा. बापूने नकाशा तपासला होता. 'वहिनीची खोली' आणि त्यापुढे 'फरशी' हे शब्द त्याने शोधले, सापडले, आणि त्याला बरे वाटले होते.

"फोडा," अक्का म्हणाली. "आत्ताच्या आत्ता फोडा ही फरशी."

"फोडता येईल. पण पाइप वरच्या खोलीतून काढून इथे आणायचे, म्हणजे वरचीही फोडायची. मग भिंत, मग पुन्हा गिलावा. हा हिवाळा जाईल त्यात."

"मग हिवाळाभर वहिनी कुठे राहणार?"

"तुझ्याकडे आहेच की," दादा म्हणाला.

ते चुकले हे त्याला लगेच कळले. अक्काने त्याच्याकडे असे बघितले की तो खुर्चीतून उठून आत आला, फाटक विसरून.

"माझ्याकडे आहेच की? तुमचं घर, तुमचे पडदे पाहुणे आले की सरकतात, आणि आई माझ्याकडे आहेच की?"

बोलता बोलता ती 'आई' म्हणून गेली होती. कुणाच्या ध्यानात आले नाही. वहिनीने मात्र मान वर केली आणि परत खाली घातली.

"आईंनी माझ्या खोलीत यावं," नवी वहिनी म्हणाली. "मी इथे झोपेन. मला काय, मोजे घातले की झालं."

"जिना कोण चढणार?"

"जिन्याला खुर्ची बसवता येते," बापू म्हणाला. आवाजात आशा होती. "रुळावरून वर जाणारी."

"येते," इंजिनिअर म्हणाला. "पण जिन्याची भिंत पोकळ विटांची घेतलीय तुम्ही, वायरी जायला. ती वजन धरणार नाही. आधी सांगायला हवं होतं."

"सारखं काय आधी, आधी!" दादा भडकला. "बापू, तू तर म्हणत होतास आधी आखणी केली की पश्चात्तापाला जागा नाही!"

"पश्चात्तापाला तर सगळ्यांत मोठी खोली मिळालीय," अक्का म्हणाली. मग ती नव्या वहिनीकडे वळली. "आणि तुझ्या खोलीत पाइप घालत होते तेव्हा तुला काहीच वाटलं नाही? तू इथे राहत होतीस. रोज जात-येत होतीस. म्हातारीच्या खोलीत नुसती माती, आणि आपल्या खोलीत जाळं विणल्यासारखे पाइप, हे दिसलं नाही तुला?"

नवी वहिनी या घरात कधी उलटून बोलली नव्हती. आताही बोलली नाही. शालीची घडी घालत म्हणाली, "दिसलं होतं. म्हणूनच मी भावजींना फोन केला होता."

"मला?"

"फरशी उघडीच होती तेव्हा. मी म्हटलं, आईंच्या खोलीत पाइप दिसत नाहीयेत. तर तुम्ही म्हणालात, काहीतरीच काय, आईच्या खोलीत पाइपच पाइप आहेत, पाय ठेवायला जागा नाही."

बापूला तो फोन आठवला. तो एका जळालेल्या गोदामात उभा होता, आणि इथे आधी काय करायला हवे होते ते गोदामाच्या मालकाला समजावत होता. मधेच हा फोन. त्याला वाटले, नवी वहिनी बॉयलरच्या खोलीबद्दल विचारतेय. एका अनुस्वाराचा तर फरक होता. मान द्यायचा म्हणून ती तो लावायची, आणि फोनवर मान ऐकू येत नाही.

"तू पुन्हा विचारायचं ना," तो म्हणाला.

"तुम्ही हसलात," नवी वहिनी म्हणाली. "मला वाटलं, मलाच काही कळत नाहीये."

अक्काने आपले मोजे उचलले आणि पलंगाच्या कडेवर बसून घालू लागली. एक मोजा घालून झाल्यावर ती नव्या वहिनीला म्हणाली, "सॉरी गं." मग दुसरा. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. तिथे बघण्यासारखे काही नव्हते. शेजारची भिंत होती. बापूला कुणीतरी ओरडावे असे वाटत होते. त्याच्या कामात लोक नेहमी ओरडत, आणि ओरडून झाले की पुढचे बोलणे सोपे जाई. पण कुणी ओरडले नाही. कुणा एका बायकोला, बहिणीला किंवा भावाला दोष देता येईल अशी ती गोष्टच नव्हती. तिघांनी जन्मभर एक शब्द चुकीच्या दारावर टांगून ठेवला होता, आणि कुणा परक्या माणसाने तो वाचला, एवढेच झाले होते.

"वहिनी कुठाय?" दादाने विचारले.

पलंगावर ती नव्हती. तिची चप्पल दारातच होती. पलंगाखालचा दिवा विझला होता.

ती आईच्या खोलीत सापडली. बॉयलर, टाकी, वायरींचे कपाट, आणि भिंतीतून निघून फरशीत शिरणारे सगळ्या घराचे पाइप, या गर्दीत मधल्या चिंचोळ्या जागेत वहिनी अनवाणी उभी होती. एका हाताने टाकीला धरलेले.

"वहिनी, अगं हात काढ, भाजेल!"

"नाही रे. ही बाजू बेताची आहे." तिने पाय थोडा पुढे सरकवला. "इथं खाली छान लागतंय. ये, बघ."

बापू आत गेला. बूट काढले. सगळे पाइप इथूनच फरशीखाली जात असल्याने फरशी खरोखरच उबदार होती. वर नव्या वहिनीच्या खोलीत नसेल एवढी. ही ऊब कुणी मुद्दाम केलेली नव्हती.

"आईंचा पलंग इथं होता," वहिनी म्हणाली. "डोकं त्या बाजूला. मी सकाळी शेगडी पेटवून आणून ठेवायचे, कोळसे फुलेपर्यंत उभी राहायचे. मग जा म्हणायच्या." ती थोडा वेळ पायांकडे बघत राहिली. "बस असं कधी म्हणाल्या नाहीत. मला वाटतं त्यांच्या लक्षातच आलं नसेल. खुर्ची आणतोस का?"

"इथे बसायची सोय धरलेली नाही," दारातून इंजिनिअर म्हणाला. "मोकळी जागा सोडावी लागते, हवा खेळायला."

"थोडा वेळच बसते, हो," वहिनी त्याला म्हणाली.

बापूने खुर्ची आणली. ती सरळ मावेना, तेव्हा तिरकी बसवली. वहिनी बसली, पावले जुळवून फरशीवर ठेवली, आणि नव्या वहिनीने दिलेला चहा तिथेच, टाकीच्या गुरगुरण्यात प्यायली. बाकीचे दाराबाहेर उभे होते. आत दुसरे माणूस मावत नव्हते. अक्का म्हणाली, आपण रोज दुपारी अशी खुर्ची टाकू शकतो. इंजिनिअर नाही म्हणाला. दादा म्हणाला, रोज म्हणजे काय, सुट्टीच्या दिवशी. इंजिनिअर पुन्हा नाही म्हणाला. बापूला निबंध आठवला. त्यात एक वाक्य होते, माझी आई थंडीत सर्वांच्या आधी उठते. आजी कधीच आधी उठत नसे. हे वाक्य आपण कुठून घेतले, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नव्हता, शिक्षकांनाही नाही.

त्याने ओठ जुळवून बघितले. 'आ' आला. पण इतक्या लोकांसमोर, या वयात, एकदम तसे म्हणायचे म्हणजे नाटकात बोलल्यासारखे झाले असते.

"वहिनी," तो म्हणाला, "आपण फरशी फोडू. मी करतो सगळं."

"नको रे. एवढी मळखाऊ आहे." तिने कप त्याच्या हातात दिला. "थंडी सरली की येते मी. तोवर अक्काकडे बरी आहे. तिच्याकडे काय, पायांखाली लादीच नाही, गालिचा आहे."

पिशवी गाडीतून बाहेर काढायची राहूनच गेली होती, म्हणून परत ठेवावी लागली नाही. वहिनी पुढच्या सीटवर बसली. नव्या वहिनीने शाल तिच्या पावलांभोवती गुंडाळली, "आई, पोचलात की कळवा," म्हणाली, आणि दार लावले. दादा आत जाऊन खुर्चीत बसला आणि त्याने मोबाइलवर बोट ठेवले. फाटक सुरळीत उघडले. गाडी बाहेर गेली, तसे ते आपोआप मिटले.

इंजिनिअरही गेला. बापू खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत पलंगावर बसला. पाय खाली टाकले, तसा दिवा लागला. फरशी गार होती. मोबाइलवर सगळे घर खोलीगणिक मांडलेले होते, प्रत्येक खोलीपुढे तिचे तापमान. ही खोली सर्वांत शेवटी, 'पाहुण्यांची खोली' या नावाने. नाव बदलायची सोय होती. त्याने ती आधीच बघून ठेवली होती. त्याने 'पाहुण्यांची खोली' पुसले. थोडा वेळ नुसता चौकोन लुकलुकत राहिला. मग त्याने 'आईची खोली' असे लिहिले आणि बटण दाबले.

हे नाव आधीच वापरात आहे, असे उत्तर आले.